हिंडलग्यात पळतंय, खानापुरात झोपतंय

"आक्का, जरा माझं ऐकून घ्या. मशीन आत्ता माझ्या म्होरं चालू हाय. घोड्यागत पळालंय."

"तुझ्या म्होरं पळतंय रं. माझ्या म्होरं झोपतंय. मग मी काय उठून हिंडलग्याला येऊन तुझ्या दुकानात बसू व्हय?"

"तसं कुठं म्हणालो मी?"

"नवरी मांडवात पाय टाकती आन पाय वरच्या वर ऱ्हातोय. तिचा बा फोन करालाय, सासरा फोन करालाय. पाय खाली कवा टेकणार म्हणून त्यास्नी काय सांगू?"

"आक्का, व्होल्टेज..."

"व्होल्टेज म्हणू नको. मागल्या बारीला व्होल्टेज म्हणालास, यूपीएस घेतला. त्याच्या आदी व्हायरस म्हणालास. आता माझ्या हाताचा गुण न्हाय म्हणशील. हे बघ मष्णू, शुक्रवारपातूर नीट झालं न्हाय, तर त्या पाय उचलल्याल्या नवरीचा व्हिडिओ काढून फोटोवाल्यांच्या ग्रूपवर टाकतो. बांधणाऱ्याच्या नावासकट."

फोन कट झाला.

मष्णू बिर्जेनं फोन स्पीकरवर टाकून काउंटरवर ठेवला होता, कारण त्याचे दोन्ही हात त्याच मशीनच्या, म्हणजे त्या बाईच्या कॉम्प्युटरच्या, पोटात होते. तो तसाच उभा राहिला. समोरच्या स्क्रीनवर कुणाच्यातरी लग्नाचं चित्रण ओढ्याच्या पाण्यासारखं वाहत होतं. कुठं अडत नव्हतं, कुठं अडखळत नव्हतं. त्याला ते बघून आनंद व्हायला पाहिजे होता. त्याला स्क्रीनवर स्टूल घालावंसं वाटत होतं.

बाई बोलली ते 'टाकतो' म्हणून बोलली. आमच्याकडच्या बाया 'येतो, जातो' असंच म्हणतात, पुण्याकडच्या माणसानं दचकू नये. अक्काताई म्हणजे खानापूरच्या केशव फोटोवाल्याची बायको. केशव लग्नात कॅमेरा घेऊन फिरतो, आणि त्यानं आणलेलं सगळं कापून, जोडून, गाणी घालून पाव्हण्यांना बघण्याजोगं करते ती अक्काताई. ती मष्णूच्या आईच्या गावची. त्यामुळं गिऱ्हाईक असूनही ती त्याला अरेतुरे करायची, आणि हा तिला अहोजाहो.

ग्रूपवर टाकीन म्हणाली ते उगीच नव्हतं. खानापूर तालुक्यातले झाडून सगळे फोटोवाले त्या ग्रूपवर, आणि त्यातल्या बहुतेकांची मशीनं मष्णूनं बांधलेली. होय, बांधलेली. तो 'असेंबल' म्हणत नाही. घर बांधतात, बैलगाडी बांधतात, तसं मशीन बांधतात. त्याच्या दुकानाला पाटी नाही. एका फोटोवाल्यानं दुसऱ्याला सांगायचं, दुसऱ्यानं तिसऱ्याला, एवढीच त्याची जाहिरात. त्या ग्रूपवर एकदा का 'मष्णूचं मशीन झोपतंय' असं पडलं, की सगळे बेळगावातल्या काचेच्या दारांच्या मोठ्या दुकानांत गेले म्हणून समजायचं. मग मष्णूनं परत मोटारी भरत बसायचं.

मोटारी भरणं हा त्याच्या बापाचा धंदा. विहिरीवरच्या पंपाची मोटार जळली की तिच्यातली जुनी तार उपसून नवी भरायची. मष्णू त्यातच वाढला, पुढं बेळगावच्या उद्यमबागेत, कारखान्यांच्या वसाहतीत, कुणाच्यातरी हाताखाली वळला. स्क्रू-ड्रायव्हरचं टोक मोटारीला टेकवायचं, मूठ कानाच्या हाडाला लावायची, आणि बेअरिंग गेलंय का नाही ते सांगायचं, हे त्याला मिसरूड फुटायच्या आधीपासून येतं. कॉम्प्युटर नंतर आले. पण त्याचं बघण्याचं तंत्र तेच राहिलं: एकेक भाग काढायचा, त्याजागी चांगला घालायचा, दुखणं कुठं हलतंय ते बघायचं. दुखणारा भाग निघाला की दुखणं थांबतंच.

या मशीनमध्ये दुखणंच दिसत नव्हतं.

पहिल्यांदा केशव ते चादरीत गुंडाळून, बसमधनं मांडीवर घेऊन आला, तेव्हा मष्णूनं रॅम बदलली. मशीन पळालं. जुनी रॅम परत घातली. तरी पळालं. पुढल्या खेपेला त्यानं ग्राफिक कार्ड बदललं, मग करंट पुरवणारा एसएमपीएसचा डबा बदलला, मग पंखा काढून प्रोसेसरवरची पेस्ट पुसून नवी लावली. काय बदला, काय नका बदलू, मशीन आपलं पळतंय. केशव ते चादरीत बांधून घेऊन जायचा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी अक्काताईचा फोन. झोपलं.

"केशवआण्णा, तुमच्या डोळ्यांनी बघा," मष्णू दर बारीला म्हणायचा.

"बघालोय की," केशव म्हणायचा. "इथं बरं हाय." आणि चादरीला गाठ मारायचा. केशव कमी बोलणारा. सगळं बोलणं घरी ठेवून आल्यासारखा.

आज संध्याकाळीही तो येऊन मशीन घेऊन गेला. दुसऱ्या दिवशी मष्णू तोंड धुतोय तोवर फोनवर फोटो आला. लाल शालू, कपाळाला मुंडावळ्या, एक पाय हवेत. खाली एक अक्षर लिहिलेलं नव्हतं.

"ह्या बाईच्या..." मष्णूनं पुढचं गिळलं, कारण चहा घेऊन बायको आली होती. मालुबाई दुकानाच्या मागच्या घरातून सगळं ऐकत असायची आणि विचारल्याशिवाय सहसा बोलायची नाही. विचारलं की मात्र सोडायची नाही.

"माझ्या म्हायारची म्हस अशीच हुती," ती म्हणाली.

"मी तुला इचारलो काय?"

"व्यापारी बघाय आला की अंगणात उभी ऱ्हाऊन बादली भरून दूध द्यायची. गोठ्यात नेली की लाथा. डाक्टर आला, अंगणात तपासली, म्हणाला म्हस ठणठणीत हाय. मंत्र झालं, उतारा झाला."

"मग?"

"मग काय, आमच्या आज्जीनं गोठा बघितला. खुट्याच्या बुडाला मुंगळ्याचं वारूळ हुतं."

मष्णूनं चहाचा कप खाली ठेवला. बायकोचं बरोबर आहे हे त्याला लगेच कळलं आणि त्यामुळं तो जास्तच चिडला. गिऱ्हाइकाच्या घरी जायचं नाही, हा त्याचा नियम होता. घरी गेलं की चहा, चहाबरोबर फोडणीचे पोहे, पोह्याबरोबर शेजारची बाई, आणि शेजारच्या बाईबरोबर तिचा बिघडलेला मिक्सर. मोटारी भरणाऱ्याचा पोरगा आलाय म्हटल्यावर गल्लीतलं काय काय कपाटातनं बाहेर येतं, हे त्यानं भोगलं होतं. म्हणून मशीन इकडं आणा, मी तिकडं येत नाही.

"जाऊन या," मालुबाई म्हणाली. "उद्या शुक्रवार हाय."

दुकानाचं दार ओढून घेताना ते नेहमीसारखं चौकटीत अडकलं. मष्णूनं चौकटीला पाय लावून जोरानं ओढलं, एक शिवी हासडली आणि गाडीला किक मारली.

कॅम्पातून, पिरनवाडी, मच्छे करत तो खानापुरात पोचेपर्यंत त्यानं मनात अक्काताईचं सगळं घर तपासून टाकलं होतं. अर्थिंग नसणार. एकाच बोर्डावर मिक्सर, फ्रीज आणि मशीन असणार. नाहीतर मशीनच्या कॅबिनेटवर झाकण म्हणून जाड गोधडी घातलेली असणार आणि आत जीव गुदमरून मशीन तापत असणार. यातलं काहीतरी दिसू दे, असं तो वाटेतल्या देवळाकडं बघून म्हणालासुद्धा.

यातलं काहीच नव्हतं. घर नवंकोरं, खालच्या खोलीत स्टुडिओ, मशीनला वेगळा बोर्ड, खाली जाड वायरीचं अर्थिंग. गोधडी नाही. मशीन टेबलाखाली पाटावर ठेवलेलं, मोकळ्या हवेत. अक्काताई खुर्चीत बसली होती आणि ती खुर्ची सोडायचं तिचं लक्षण दिसत नव्हतं.

"आलास? बस. चहा ठेवलाय. आता बघ तुझं पळणारं घोडं."

तिनं माउस दाबला. नवरी गाडीतनं उतरली. करवल्या हसल्या. नवरीनं मांडवाच्या दारात पाय उचलला.

आणि थांबली.

स्क्रीनवर तो गोल फिरायला लागला. अक्काताईनं हाताची घडी घातली आणि स्क्रीनकडं न बघता मष्णूकडं बघायला लागली. दारात शेजारची बाई येऊन उभी राहिली होती, पदराखाली मिक्सरचं भांडं.

"हे आसं," अक्काताई म्हणाली. "आता माझा चहा पिऊन हुतोय, तवा पाय खाली येतोय."

मष्णूला हायसं वाटलं, खरं सांगायचं तर. इतक्या दिवसांनी दुखणं डोळ्यांनी दिसलं. तो टेबलाखाली उकिडवा बसला, सवयीनं खिशातला स्क्रू-ड्रायव्हर काढला, टोक कॅबिनेटच्या पत्र्याला टेकवलं आणि मूठ कानामागं लावली.

"ते काय पंप हाय व्हय रं?" अक्काताई वरनं म्हणाली.

"आक्का, जरा गप ऱ्हावा."

पंख्याची घरघर ऐकू आली. ती ओळखीची. एसएमपीएसच्या पंख्याची वेगळी, तीही ओळखीची. आणि त्यांच्या खालून, कुणी दात चावल्यासारखं: टक्. कर्रर्र. टक्. मग थोडं गप्प. परत टक्.

मष्णूनं मूठ काढली, कान चोळला, परत लावली. टक्. कर्रर्र.

त्यानं या मशीनमध्ये फिरणारी चकती घातलीच नव्हती. सगळं साठवायला एसएसडी घातली होती, नव्या जातीची, जिच्यात काही म्हणजे काही फिरत नाही, जी कधी आवाज करत नाही. पंख्यांशिवाय या मशीनमध्ये फिरायला काही नव्हतं. मग हे फिरतंय काय?

त्यानं बटण बंद केलं. बाजूच्या पत्र्याचे स्क्रू हातानं फिरले, इतके सैल. म्हणजे कुणीतरी ते नेहमी उघडतंय. पत्रा सरकवला. आत, त्यानं रिकाम्या सोडलेल्या खणात, एक जुनी, जाडजूड हार्डडिस्क बसवलेली होती. तिच्या पाठीवर वर्षानुवर्षांच्या हळदीकुंकवाचे थर. खंडेनवमीला दुकानातल्या हत्यारांना लावतात तसे.

"हे काय हाय?" मष्णूनं विचारलं.

"हार्डडिस्क. तुला वळखू येत न्हाय व्हय?"

"कुणी बसवली?"

"मी. तू बांधताना बघितलो न्हवतो व्हय मी? दोन तर वायरी असत्यात."

"आक्का," मष्णू अगदी हळू बोलला, कारण हळू बोललं नाही तर काय होईल याची त्यालाच खात्री नव्हती, "मशीन माझ्याकडं येत हुतं तवा ही कुठं असायची?"

"कपाटात. कुलपात."

"का?"

"का म्हंजे? तालुक्यातल्या लेकीबाळींचं फोटो हायत तेच्यात. हळदीचं, न्हाणाचं. लोकं आमच्याकडं विश्वासानं येत्यात. ते सगळं बशीतनं तुझ्या दुकानात पाठवू? तुझ्या काउंटरला उभी ऱ्हाणारी माणसं मी बघितल्यात. तुझ्याकडं मशीन द्यायचं तवा काढून ठेवतो, परत आलं की बसवतो. तू कवा इचारलास?"

मष्णू टेबलाखालीच फरशीवर बसला. रॅम, कार्ड, डबा, पेस्ट, सगळं त्याच्या डोळ्यांसमोरून गेलं. दर बारीला बाईनं दुखणं घरी कुलपात ठेवलं होतं आणि धडधाकट मशीन त्याच्याकडं उपचाराला पाठवलं होतं.

"पण नव्यात ही घालायचीच कशाला, आक्का? हिच्यातलं ह्याच्यात उतरून घेतलं असतं मी पहिल्याच दिवशी."

यावर बोलला केशव, जो आतापर्यंत दाराशी टेकून उभा होता. त्यानं बोट वर केलं. "ते बघ."

मष्णूनं टेबलाखालून मान बाहेर काढून वर बघितलं. सगळं छत नव्या, पिवळ्याधमक लाकडाचं. त्यात मधोमध एक वासा काळाभोर, चुलीच्या धुरानं खरपून गेलेला.

"जुन्या घराचा हाय," केशव म्हणाला. "नवं बांधलं की जुन्यातलं एक लाकूड नव्यात घालायचं. घराला घर वळखतंय. ही डिस्क आमच्या बाच्या वेळची. हिच्यावर धंदा उभा ऱ्हायला. मशीन नवं आणलं, मग जुन्यातलं काय घालायचं? हीच की."

इतकं बोलून तो दमल्यासारखा परत दाराला टेकला.

मष्णूच्या तोंडात बरंच काही आलं होतं. वासा काय, डिस्क काय, लाकडाला कुणी फोटो मागत नाही, असं तो बोलणारच होता. पण त्याला स्वतःच्या दुकानाचं दार आठवलं. बापानं आजोबाच्या घरातली चौकट काढून त्याला बसवली होती. दर पावसाळ्यात ती फुगते, दर पावसाळ्यात तो रंधा मारतो, मालुबाई दर पावसाळ्यात म्हणते बदला ती, आणि तो बदलत नाही. सकाळीच तिला शिवी दिली होती. त्यानं तोंड मिटलं. मिटल्यावर आणखीच राग आला.

"आक्का, ऐका. तुमच्याच लग्नाच्या भाषेत सांगतो," तो म्हणाला. "मांडव तयार, भटजी तयार, वाजंत्री तयार. आन थोरल्या मामाची गाडी वाटेत बंद पडलीया. मामा आल्याबगर अक्षता पडणार न्हाईत. तर ही डिस्क म्हंजे तो मामा. हिच्या चकत्या झिजल्यात. नवरीचं चित्रण नव्या एसएसडीत हाय, तरी मशीन हिलाबी इचारतंय तुझ्यात काय हाय, ही म्हणती थांब, हुडकालोय. आन तोवर सगळा मांडव ताटकळत बसतोय. नवरीचा पाय कोण धरतंय तर ही."

"तू उगंच काय तरी..."

मष्णूनं डिस्कची वायर उपटली, बटण दाबलं. मशीन त्याच्या ओळखीच्या चालीनं उठलं. "लावा आता."

अक्काताईनं लावलं. नवरी गाडीतनं उतरली. करवल्या हसल्या. पाय उचलला आणि टेकवला, दुसरा उचलला, टेकवला, आणि ती अशी सरळ आत चालत गेली, जणू कधी थांबलीच नव्हती.

शेजारची बाई म्हणाली, "बया, गेली की आत."

अक्काताईनं तेवढा तुकडा परत एकदा लावून बघितला. चूक झाली असं आता ती म्हणेल, अशी मष्णूनं उगीच आशा केली.

"मग हे बांधतानाच सांगायचं न्हाय व्हय तुला?" ती म्हणाली. "जुनं काय घालू नको म्हणून?"

मष्णूनं केशवकडं बघितलं. केशवनं वाशाकडं बघितलं.

उरलेला सगळा दिवस त्या डिस्कमधलं काढून घेण्यात गेला. ती आता फार दिवसांची सोबतीण नव्हती, आज जे निघेल तेच निघेल. आणि ती हिंडलग्याला न्यायची नाही हे अक्काताईनं बजावलं होतं, म्हणून मष्णूलाच खानापुरात बसावं लागलं. डिस्क थोडं द्यायची, कण्हायची, परत थोडं द्यायची. काही लग्नं सगळीच्या सगळी आली. काही हळदीपर्यंत आली आणि तिथंच संपली. एकेक फोल्डर निघालं की अक्काताई नाव वाचायची आणि म्हणायची, "हिला आता पोरगं झालं," नाहीतर, "हिचा नवरा लष्करात हाय." जे निघालं नाही, त्याच्या नावाला ती खुर्ची थोडी पुढं ओढायची. बसल्या बसल्या मष्णूनं मिक्सर दुरुस्त केला. मग एक टेबलफॅन आला. मग दुसरा मिक्सर आला. पोह्यांची ताटली तेवढी चुकली नाही.

सगळं आटोपल्यावर अक्काताईनं डिस्क हातात घेतली. "ही परत बसव."

"आक्का..."

"तुला वासा दावला न्हवं?"

मष्णूनं डोळे मिटले, उघडले. मग त्यानं डिस्क खणात घातली आणि चारी बाजूंनी स्क्रू आवळले, चांगले, स्क्रू-ड्रायव्हरनं, हातानं निघणार नाहीत असे. वायरी मात्र तिच्यापर्यंत पोचूच नयेत म्हणून लांब मागं ओढून पट्ट्यानं गच्च बांधल्या आणि पट्ट्याचं शेपूट कापून टाकलं.

"आत हाय. जागेवर हाय," तो म्हणाला. "पण हिला आता कामाला लावायचं न्हाय. बसून खाऊ दे."

अक्काताईनं वाकून बघितलं. स्वयंपाकघरातनं करंडा आणला, डिस्कला बोटानं कुंकू लावलं. मग मष्णूकडं वळून म्हणाली, "पत्रा लाव आता."

शुक्रवारी सकाळी दुकान उघडायच्या आतच ग्रूप वाजला. मष्णूनं घाईनं फोन उचलला. अक्काताईनं लिहिलं होतं: 'मष्णू बिर्जे यांनी घरी येऊन मशीन नीट करून दिले. चूक झाली होती, पण सुधारली. माणूस कामाचा आहे.' खाली अंगठ्यांची रांग. एकानं विचारलं होतं, माझं पण हळू चालतंय, मष्णूदादा घरी कधी येणार? दुसऱ्यानं विचारलं होतं, मिक्सर पण बघतात काय?

"चूक कुणाची झाली हुती?" मष्णू म्हणाला. "मालू, हे वाच. चूक कुणाची हुती?"

"तुमचं नाव शाबूत ऱ्हायलं न्हवं?" मालुबाई म्हणाली. "लिव्हा, धन्यवाद म्हणून."

त्यानं 'आक्का' एवढं टाइप केलं. पुढं बरंच लिहिलं. ते सगळं पुसलं आणि एक अंगठा टाकला.

मग दुकानाकडं गेला. दार चौकटीत अडकलं. खांदा लावून ढकललं, ते खरडत उघडलं. काउंटरवर काल कुणीतरी मालुबाईकडं देऊन गेलेलं एक कॅबिनेट होतं, वर चिठ्ठी डकवलेली, 'स्लो आहे.' मष्णूनं फोन लावला.

"व्हय, मष्णूच बोलालोय. मशीन मिळालं. पहिला सांग, हितं आणायच्या आदी आतलं काय काय काढून घरी ठेवलायस? ...आठव नीट. मी थांबतो."

त्यानं फोन स्पीकरवर टाकला, स्क्रू-ड्रायव्हर घेतला आणि पत्रा काढायला लागला.